बाहेरचा खण

१

कुणी म्हणजे कुणीसुद्धा बाईवर विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, पोटच्या पोरीने नाही, आणि ज्याने तो डबा आणून जोडला त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पेचकसने तर नाहीच नाही. सगळ्यांचं एकच पालुपद, आवाज नाही, नुसती खरखर आहे. जी बाई स्वयंपाकघरात उभी राहून पुढच्या खोलीतल्या सुईचा सूर ऐकायची आणि दोरा आता तुटणार म्हणून सांगायची, तिला खरखर कोणती आणि लेकीचा आवाज कोणता हे कळू नये? पण दुःखातल्या माणसाचं इतरांना एक बरं असतं. त्याने काहीही सांगितलं की ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणायचं आणि हात झटकायचे.

घर दोन खणांचं. पुढच्या खणात भरतकामाचं मशीन आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. मागच्या खणात ओटा, मोरी आणि एक दार. ते दार मागच्या बोळात उघडायचं. बोळाला वाट अशी नव्हतीच. दोन्हीकडे उंच भिंती, टोकाला एका गोदामाची पाठ. आत यायचं तर त्याच दारानं, बाहेर जायचं तर त्याच दारानं.

मशीनवर शाळांच्या शर्टांचे बिल्ले निघत, दवाखान्यातल्या कोटांवरची नावं निघत. नक्षी थोरली कॉम्प्युटरवर बनवायची आणि मशीन बाई चालवायची. बाई चौथी शिकलेली, पण मशीनची नस न् नस तिला ठाऊक. तोंडाने फटकळ. गल्लीत तिला ‘तोफ’ म्हणत, आणि हे तिला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे तिने गल्लीला चांगलं ऐकवलं होतं.

तोफ थंड झाली ती दोन वर्षांपूर्वी, धाकटी गेली तेव्हा.

धाकटी नऊ वर्षांची होती. तिला दमा होता. त्या दुपारी ती मागच्या बोळात गेली, कारण तिथे मांजर व्यालं होतं. ती बाहेर असताना कुणीतरी मागच्या दाराला आतून कडी लावली. मशीन चालू असताना ते दार लावायचं हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. वारा आला की दोरा फडफडतो आणि तुटतो. पण पोर बाहेर आहे हे कडी लावणाऱ्याने पाहिलं नाही. गोदामवाल्यांनी त्या दिवशी कचरा पेटवला होता, बोळात धूर कोंडला. श्वासाचा पंप घरात फळीवर. पोरीने दार वाजवलं असणार. मशीन धडधडत होतं.

कडी कुणी लावली?

बाईला ठाऊक होतं. नणंद त्या दिवशी घरी आली होती, मागे कपडे वाळत घालत होती. तिनेच लावली. बाईने तिला चार माणसांत दारातून हाकललं, “पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावलास तर बघ” म्हणाली. नणंद रडत म्हणत राहिली, “वहिनी, मी नाही गं, मी नाही लावली.” कोण ऐकतंय! बाईचं म्हणणं सरळ होतं. नवरा गाडीवर, थोरली कॉम्प्युटरवर, आणि मी मशीनवर, मी तर जागची हललेच नाही. मग उरलं कोण?

२

धाकटीचं मागे राहिलं ते बातम्यांच्या रूपात.

तिला बातम्या वाचायचा नाद होता. शाळेतून आली की कॉम्प्युटरसमोर बसायची, बटण दाबायची आणि आवाज जाड करून सुरू व्हायची, “नमस्कार. घरच्या बातम्या. वाचत आहे बातमीबाई. आज आईने बाबांना तीन वेळा ‘अहो ऐकलं का’ म्हटलं. बाबांनी एकदाही ऐकलं नाही. हवामान. आईचा पारा चढा राहील, संध्याकाळी ताईवर गडगडाट होण्याची शक्यता. बातम्या संपल्या.”

अशा बासष्ट बातम्या होत्या. एक ते बासष्ट, आकडे तिनेच घातलेले. बाई रोज दुपारी दोन वाजता मशीन बंद करायची, एका बोटाने बटण दाबायची आणि एक बातमी ऐकायची. बासष्टावी झाली की पुन्हा पहिली. नवरा म्हणायचा, “रोज रोज कशाला खपली काढतेस?” त्यावर बाई म्हणायची, “माझी खपली आहे. तुम्ही तुमचं बघा.”

मग एके दिवशी कॉम्प्युटरच्या पोटातून टक् टक् ऐकू येऊ लागलं. कुणीतरी नखाने दार वाजवावं तसं.

पेचकस आला. त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. साठीचा माणूस, कानावर पेन्सिलीसारखा पेचकस खोचलेला. त्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली, आणि धूळ बाईच्या तोंडावर उडवली.

“वहिनी, ह्याच्या पोटात दोनच खण. दोन्हीत बिऱ्हाडं आहेत. पहिल्यात तुमची नक्षी, ते बिऱ्हाड ठणठणीत. दुसरी डिस्क म्हातारी झालीय. तीच टकटक करतेय.”

“मग औषध द्या.”

“ह्याला औषध नसतं. आज जाईल नाहीतर उद्या. जाईल तेव्हा पोटातलं सगळं घेऊन जाईल.”

धाकटीच्या बातम्या त्याच दुसऱ्या खणात होत्या.

“ही काढून टाकू, नवी बसवू,” पेचकस म्हणाला.

“हिला हात लावायचा नाही. माझ्या पोरीचा आवाज आधी हिच्यात गेलाय.”

“मग ठेवू कुठे? तिसरा खण नाही.”

“करा.”

“अहो, करा काय? घर बांधतानाच दोन खणांचं बांधलंय. तुमच्यासारखंच.” तो स्वतःच्या विनोदावर हसला, एकटाच. मग पिशवीतून पुस्तकाएवढा एक काळा डबा काढला. “बाहेरचा खण लावू. ह्याच्या पोटात नवी डिस्क आहे. ह्याची वीज वेगळी, आणि ही एक वायर कॉम्प्युटरला. आतल्याला वाटतं, हा आपल्याच घरातला आहे.”

अकरा वाजता त्याने नक्कल लावली, एकपर्यंत ती चालली. बाई खुर्ची ओढून समोर बसली होती, दवाखान्याबाहेर बसतात तशी. संपल्यावर तिने स्वतः मोजलं. आत बासष्ट, बाहेरही बासष्ट.

जाताना पेचकसने दोन गोष्टी सांगितल्या. “काम नसलं की हा डबा झोपतो. दिवा मंद होतो, घरघर थांबते. हाक मारली की उठतो, घाबरायचं नाही. आणि दुसरं, काढताना आधी कॉम्प्युटरला सांगायचं की काढतोय. न सांगता वायर ओढायची नाही.”

“ओढली तर?”

“तो काहीतरी लिहीत असेल तर अर्ध्यातच तुटेल.”

३

तीन दिवस डबा गुण्यागोविंदाने नांदला. बाई दोन वाजता हाक मारायची, तो घरघरत उठायचा, धाकटी बोलायची, तो झोपायचा.

चौथ्या दिवशी पावणेदोनला मशीन चालू असताना बाईचं लक्ष सहज तिकडे गेलं आणि डब्याचा दिवा लुकलुकताना दिसला.

कुणी हाक मारली नव्हती. थोरली मोरीवर कपडे धूत होती. बाईने मशीन थांबवलं. शांततेत डब्याची घरघर ऐकू आली, बारीक, वरखाली होणारी. ती जवळ गेली तशी घरघर थांबली आणि दिवा मंद झाला. वायरीत काही झालं असेल, विजेचा झटका असेल, असं तिने मनाला सांगितलं. तिचं मन काही उगाच भुताखेतांच्या मागे लागणारं नव्हतं.

मग तिने बातम्यांचा कप्पा उघडला. शेवटचा आकडा त्रेसष्ट होता.

तिने पुन्हा पाहिलं. पहिल्यापासून बोट लावून मोजलं. आतल्या म्हाताऱ्या डिस्कवर मोजलं, तिथे बासष्ट. बाहेर त्रेसष्ट.

तिने बटण दाबलं.

आधी खरखर आली. मग खूप लांबून, बोळाच्या टोकाशी उभं राहून बोलावं तसा आवाज आला. “नमस्कार. घरच्या बातम्या. वाचत आहे बातमीबाई. आज घराला नवीन खण मिळाला. खण बाहेर आहे. बातम्या संपल्या.”

बाईच्या हातातली कात्री खाली पडली. थोरली ओल्या हातांनी धावत आली. बाईने तिला ऐकवलं, एकदा नाही, चारदा.

“आई, खरखर आहे,” थोरली म्हणाली. तिने पदराने हात पुसावेत तसे ओढणीने पुसले, पुसतच राहिली. “नक्कल होताना कधी कधी एखादी रिकामी फाइल जास्तीची येते. होतं असं.”

“‘नवीन खण’ म्हणाली ती. तुला ऐकू नाही आलं?”

“नाही.”

“कान साफ कर.”

पेचकसला बोलावलं. त्यानेही डोकं वाकडं करून ऐकलं आणि म्हणाला, “वहिनी, ह्यात तर काहीच नाही. पुसून टाकू का?” बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पेचकस पुन्हा कानावर ठेवला.

रात्रभर ती विचार करत राहिली. जुनीच बातमी असेल, पुसलेली, नकलेत कुठून तरी वर आलेली. पूर्वी कधी घरात नवीन फळी ठोकली असेल, कपाट आलं असेल, तिला पोरीने खण म्हटलं असेल. असं होऊ शकतं. होऊ शकतं असं सकाळपर्यंत म्हणून झालं, आणि सकाळी तिला आठवलं की पोर गेल्यापासून नाही आणि त्याआधीही पाच वर्षं घरात एक खिळासुद्धा ठोकला नव्हता.

४

चौसष्टावी बातमी आठ दिवसांनी आली. भर दुपारी, दिवा लुकलुकून.

“नमस्कार. घरच्या बातम्या. ताईने केस कापले, कानापर्यंत. आई तिला काहीच बोलली नाही, हे आश्चर्य. बाबा आता जेवताना बोलत नाहीत. आत्याने काल बाबांना फोन केला. बाबा गाडीत काचा लावून बोलले. आत्या रडली. बाबा पण.” मग थोडा वेळ नुसता श्वास, शिट्टीसारखा, आत जाताना अडकणारा. “वार्ताहर बाहेरून कळवतो की बाहेर ऊन नाही आणि अंधारही नाही. बातम्या संपल्या.”

थोरलीने केस मागच्याच महिन्यात कापले होते. ही बातमी जुनी नव्हती.

नवरा संध्याकाळी घरी आला तो बाई दारातच उभी. “वन्सं फोन करतात तुम्हाला?”

तो चपला काढता काढता थांबला. “कुणी सांगितलं?”

“गाडीत बसून. काचा लावून. खरं की खोटं?”

“थोरलीने सांगितलं तुला.”

थोरली आतून ओरडली, “बाबा, मला काय माहीत? मी कुठे होते तुमच्या गाडीत?”

“मग तुझ्या आईला काय स्वप्न पडलं?”

“मला धाकटीने सांगितलं,” बाई म्हणाली.

नवरा चपला न काढताच पुढच्या खोलीत बसला. बाईने बातमी लावली. तो मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, “मला खरखर ऐकू येते गं. देवाशपथ, नुसती खरखर.” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “पण तुला ऐकू येत असेल तर तू ऐक. माझ्यासाठी विचार, तिला थंडी वाजते का.”

“तुम्ही विश्वास ठेवताय की नाही?”

“नाही,” तो म्हणाला. “पण विचार.”

थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने स्पीकरकडे एकदाही पाहिलं नाही. म्हणाली, “आई, हा डबा परत देऊन टाकू या. बासष्ट आतमध्ये आहेत ना, तेवढ्या पुरेत.”

“तुला बहीण नकोशी झाली?”

पोरीने ओठ चावले. एवढं ऐकून ती एरवी फणकारली असती. आज ती ओट्याकडे वळली.

५

त्यानंतर बाईने डब्याशी बोलायला सुरुवात केली. मशीनवर दोरा ओवता ओवता, फ्रेम ताणता ताणता. आधी नवऱ्याचं विचारलं, थंडी वाजते का. मग स्वतःचं.

“तू मला एवढंच सांग. कडी कुणी लावली? तुझी आत्याच ना? तू सांग, म्हणजे ह्या लोकांची तोंडं बंद होतील. दोन वर्षं मला चोरासारखं वागवतात, जसं काही मीच त्या बाईवर अन्याय केला.”

पासष्टावी बातमी दुसऱ्याच दिवशी आली. आवाज जरा जवळ आला होता.

“नमस्कार. घरच्या बातम्या. श्रोत्यांचे प्रश्न. एका बाबांनी विचारलं आहे, थंडी वाजते का. उत्तर, वाजते. एका आईने विचारलं आहे, कडी कुणी लावली. उत्तर,” श्वास, शिट्टी, श्वास, “बाहेरून नीट बोलता येत नाही. आत आल्यावर सांगू. आत जागा नाही असं समजतं.”

बाईने त्याच पावली पेचकसला आणलं, हाताला धरून.

“हा डबा आत घ्या.”

“वहिनी, तुम्हीच म्हणालात म्हाताऱ्या डिस्कला हात लावायचा नाही. खण दोनच. एक बाहेर गेल्याशिवाय दुसरा आत येत नाही.”

“म्हातारीला काढा.”

“नक्की?”

“मी काय म्हणाले?”

थोरली मधे आली. “काका, नका करू.” ती आईकडे वळली. “आई, माझं ऐक. आयुष्यात एकदा ऐक माझं. हे जसं आहे तसं राहू दे. बाहेरच राहू दे.”

“बाहेरच राहू दे?” बाई गरजली. तोफच ती, कितीही थंड झाली तरी. “माझी पोर दोन वर्षं बाहेर आहे, आणि तू म्हणतेस बाहेरच राहू दे? काळीज आहे का दगड?”

तिने रागाच्या भरात डब्याची वायर धरली आणि ओढली. कुणाला न सांगता.

दिवा तेव्हा लुकलुकत होता.

डब्यातून जो आवाज आला तो पेचकसनेही ऐकला. घरघर थांबताना डिस्क उतरत्या सुरात विझते, त्याने हजारदा ऐकलेलं होतं. हे तसं नव्हतं. एक लांब, आत ओढलेला श्वास, शिट्टी वाजत वाजत वर गेलेला आणि तिथेच थांबलेला. सोडलेला नाही. तिघंही उभी होती तशीच उभी राहिली. पेचकस शेवटी म्हणाला, “नवी डिस्क आहे, करते कधी कधी.” पण डबा खोलताना त्याचे स्क्रू दोनदा खाली पडले.

म्हातारी डिस्क बाहेर आली. बाईने ती घडी घातलेल्या फ्रॉकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली. नवी आत बसली. झाकण लागलं. एरवी चहासाठी रेंगाळणारा पेचकस तोवर पाठमोरा होऊन चालूसुद्धा लागला होता.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत सगळं नीट चाललं. शाळेच्या बिल्ल्यांचं काम होतं, निळ्या कापडावर पिवळा दिवा. मशीन धडधडत होतं. नवरा गाडीवर गेला होता. थोरली कॉम्प्युटरवर पुढची नक्षी लावत होती, त्या दिवशी बसली होती तशीच, त्याच खुर्चीत.

दीडच्या सुमारास बाईला त्या धडधडीच्या आत दुसरा एक ठोका ऐकू आला.

मशीनचा ठोका ती झोपेतही ओळखायची. हा त्यातला नव्हता. हा मधेच यायचा, घाईघाईने चार-पाच वेळा, मग थांबायचा. तिने मशीन बंद केलं. ठोका नाही. चालू केलं. ठोका आला. म्हणजे मशीन चालू असतानाच तो येत होता, आणि मशीन चालू असताना दुसरं कुणी ऐकूच शकत नव्हतं.

“काय झालं?” थोरलीने विचारलं.

“तुला ऐकू येतंय?”

“काय?”

बाई मशीन बंद करून उठली आणि मधल्या दारात जाऊन तिने मागच्या खणात पाहिलं. मागचं दार बंद होतं. त्याच्या खाली बोटभर फट होती, तिथून बोळातला उजेड रोज फरशीवर एक सरळ पट्टी काढायचा. आज पट्टी सलग नव्हती. दोन ठिकाणी तुटली होती. शेजारी शेजारी, लहान लहान, दोन पावलांएवढ्या जागी काळं होतं.

मांजर असेल, किंवा गोदामवाल्यांनी काही टेकवून ठेवलं असेल. असं तिने मनात म्हटलं, आणि ते म्हणत असतानाच डावीकडचं काळं जरासं उचललं गेलं आणि पुन्हा खाली आलं. उभं राहून पाय अवघडल्यावर माणूस हलवतं तसं.

पाठीमागे कॉम्प्युटरच्या पोटात घरघर सुरू झाली. स्पीकरमधून खरखर आली. कुणी बटण दाबलं नव्हतं. थोरलीचे हात मांडीवर होते.

“नमस्कार. घरच्या बातम्या. आज वार्ताहर आत आहे.”

आवाज लांबून नव्हता. जवळून होता, खोलीत बसलेल्या पोरीचा, नाकात थोडा सर्दीचा. बाई मधल्या दारातच खाली बसली. तिला एकदम भीती वाटेनाशी झाली. किती दिवसांनी पोर घरात बोलत होती.

“बोल गं माझे बाई,” ती म्हणाली. “बोल.”

“पहिली बातमी. बोळातल्या मांजरीला तीन पिल्लं झाली. एक पांढरं आहे. ही बातमी त्या दिवशी द्यायची राहून गेली. दुसरी बातमी. आत्याने कपडे वाळत घातले आणि ती पुढच्या दाराने घरी गेली. तेव्हा मागचं दार उघडं होतं.”

बाईचं तोंड उघडं राहिलं. “उघडं? मग वन्संनी...”

“आई, बंद करते मी,” थोरली म्हणाली आणि वायरीकडे वाकली.

“हात लावशील तर बघ!”

“आई, पाया पडते. पुढचं नको.”

बाईने मान वळवली. पोरीचा चेहरा तिने दोन वर्षांत असा निरखून पाहिलाच नव्हता. पोर कधी एवढी म्हातारी झाली? “पुढचं म्हणजे? तुला ऐकू येतंय?”

थोरली वायरीपाशीच वाकलेली राहिली.

“तुला पहिल्यापासून ऐकू येत होतं.”

“हो,” थोरली म्हणाली. “आणि मी त्या दिवशी इथेच बसले होते. ह्याच खुर्चीत. दोन वर्षं मी तोंड शिवून बसले ते काय उगाच? आत्याने शिव्या खाल्ल्या, मी बोलले नाही. बाबा झुरतात, मी बोलले नाही. तूही ऐकू नकोस. बंद कर, आई. मी आहे ना तुला? मी आहे ना?”

“तिसरी बातमी,” आवाज म्हणाला. मधे एक श्वास आला, शिट्टी वाजवत. “दोरा तुटला. वाऱ्याने तुटला असं समजतं. म्हणून मशीन थांबलं.”

“दोरा कधी तुटला?” बाई म्हणाली. “त्या दिवशी? मी तर जागची हल...”

ती मधेच थांबली. तिचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला होता. बोटं वाकली होती, अंगठा वर होता. काहीतरी धरावं, उजवीकडे सरकवावं आणि सोडून द्यावं, असा तो हात हवेत थांबला होता. दिवसातून दहा वेळा करायचं काम डोक्याला विचारून कोण करतं? ती त्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

फटीतली दोन काळी पावलं हलली नाहीत.

“दोन मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू झालं,” आवाज म्हणाला. आता तो बातमीबाईचा जाड आवाज राहिला नव्हता. तो बारीक होत गेला, दमत गेला. “वार्ताहराने दार वाजवलं. किती वेळा ते मोजलं नाही. धूर होता. वार्ताहराने हाकही मारली. मशीन चालू होतं. श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर. कडी लावणाऱ्याचं नाव...”

श्वास आत गेला. वर गेला. तिथेच अडकला. थोरलीने धावत येऊन दोन्ही हातांनी आईचे कान झाकले, घट्ट, पण उपयोग झाला नाही. आवाज स्पीकरमधून आला नाही. तो मागच्या दारापाशी आला, कडीच्या उंचीला, आणि त्यात राग अजिबात नव्हता.

“आई.”